टिंकूनं भरलेले डबे

"ज्या हातात वात, नाव बी त्याच माणसाच्या तोंडातून आलं पाहिजे, वच्छला. हात एकीचा अन् नाव दुसरीनं घेतलं, असं नाही चालत. अन् घाई कायले करतं? देव का पळून जाऊन राहिला?"

सुशिलाबाईंनी हे सांगितलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि बाई जाऊन तीन. पण वच्छला सकाळी कारखान्यात पाय ठेवी तेव्हा पहिल्यांदा हेच शब्द तिच्या कानाशी येत.

गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या एका राईस मिलच्या गोदामात बाईंनी तुपातल्या वातींचा हा कारखाना काढला होता. साच्यात कापसाची फुलवात उभी करायची, वरून कोमट तूप ओतायचं, थिजलं की साचा उलटा करायचा. सुपारीएवढी पांढरी, घट्ट वात बाहेर पडे. तिच्या डोक्यावर कापसाची शेंडी. अशा शंभर वाती एका डब्यात. डब्याच्या झाकणावर लाल अक्षरात एक ओळ छापलेली असे : प्रत्येक वातीमागे देवाचं एक नाव.

ती ओळ माल खपावा म्हणून छापलेली नव्हती. लांबलचक बाकावर आठ-दहा बायका ओळीनं बसत. वात उचलायची, ओठ हलवायचे, डब्यात ठेवायची. उन्हाळ्यात बोटांच्या उबेनंच तूप सुटायचं, म्हणून शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवलेलं. बोटं बुडवायची, पुसायची, पुढची वात. कुणी राम म्हणे, कुणी विठ्ठल. वच्छला 'नमः शिवाय' म्हणे. नागऱ्याचा महादेव तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. दर सोमवारी उपाशी पोटी आणि अनवाणी ती तिथे जाऊन येई. घरी देवापुढे दिवा लागल्याशिवाय चहाचा घोट नाही, हा नेम तिच्या लग्नापासूनचा. खोटं बोलायचं नाही असा नेम मात्र तिनं कधी घेतला नव्हता. तोही घ्यावा लागतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि गेल्या माघात सालेकशाहून रुख्मिणीबाई आली.

सत्तरीची, काटक. पण दोन्ही हात सारखे कापत होते. पाण्याचा पेला धरला तर अर्धं पाणी लुगड्यावर. बरोबर तिची लेक दामिनी होती. पहिल्या बाळंतपणात ही दामिनी जाते की राहते अशी झाली होती, तेव्हा आईनं महादेवाला लाख वातींचा नवस बोलला होता. दामिनी उठून बसली. तिचा पोरगा आता शाळेत जायला लागला. लाख वाती राहिल्या त्या राहिल्याच, कारण मध्येच आईच्या हातांना हे कापरं भरलं.

"वात वळाले बसली का कापूस तिकडे अन् मी इकडे," रुख्मिणी म्हणाली होती. "गुरुजी म्हणते, दुसऱ्यानं नाव घेऊन वात भरली तरी पावते, पण माणूस भरोशाचा पाहिजे. तू घेशीन नाव?"

"घेईन."

"सगळ्यायचं? लाख हायेत, बाई. मधात कंटाळशीन."

"मीच घेईन, मावशी. एकेकीचं."

दोघींची ओळख ना पाळख. पण त्या दिवसापासून सकाळचे पहिले चार डबे रुख्मिणीचे. दुसऱ्या कुणाच्या मालाला हात लावायच्या आधी वच्छला ते चार डबे भरून कपाटात ठेवी. दसऱ्यापर्यंत आठशे ऐंशी झाले. एकशेवीस राहिले. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला सगळ्या वाती एकदम लावायच्या, असं रुख्मिणीनं ठरवलं होतं.

दसऱ्याला कारखान्यात टिंकू आला.

त्याचं खरं नाव डेल्टा रोबोट. बाईंचा मुलगा उमेंद्र कुठल्याशा प्रदर्शनात त्याला पाहून आला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. काचेच्या उंच पेटीत, वरच्या चौकटीला उलटा टांगलेला. तीन बारीक काळे हात खाली येऊन एका ठिकाणी जुळलेले आणि तिथं टोकाला रबराची मऊ वाटी. खालून पट्टा सरकतो, पट्ट्यावर वाती कशाही पडलेल्या. वरचा कॅमेरा बघतो, वाटी झपकन खाली येते, वात ओढून घेते, फिरवून सरळ करते आणि डब्यातल्या खाचेत उभी ठेवते. एका सेकंदात दोन. शेंडी मोडत नाही, तूप चिकटत नाही. बघणाऱ्याची मान इकडून तिकडे करता करता अवघडते.

"डेल्टा," भूमिकानं बायकांना सांगितलं. ही आमगावची, पॉलिटेक्निक शिकलेली पोरगी, यंत्र चालवायला म्हणून नवीन लागली होती.

"काय डेल्टा-फेल्टा," टीना म्हणाली. टीना बाकावर वच्छलाच्या शेजारी बसायची आणि तिचं तोंड दिवसभर चालू असायचं. "माह्या भाच्यावानी हाये हा. तो टिंकू बी असाच, एका जागी पाय ठरत नाही त्याचे."

झालं. त्या दिवसापासून टिंकूच.

कुणाचं काम गेलं नाही. अर्ध्या जणी साच्यांवर गेल्या, अर्ध्या झाकणं लावायला. उन्हाळ्यात बोटं पाण्यात बुडवायला नको, पाठ दुखायला नको. बायका खूशच होत्या. बाक मात्र उचलून मागच्या पडवीत ठेवला गेला.

"अन् नाव?" वच्छलानं हळूच विचारलं.

उमेंद्रला तिनं चड्डीत असल्यापासून पाहिलेलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं जरा डोकं खाजवलं. "काकी, तुम्ही मशीनजवळ उभ्या राहत जा ना. नाव घेत राहा. समजा का, ही मशीन म्हणजे तुमचाच हात. बस्स."

वच्छलाला ते पटलं. पटावंसं वाटलं, असं म्हटलं तर जास्त खरं. एकोणीस वर्षांत बोटांची कातडी पाण्यानं सोलवटून निघाली होती, मनगट रात्री ठणके. आपल्याला देवानंच तिसरा हात दिला, असं तिनं मनाशी म्हटलं आणि काचेशी उभी राहिली.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. एक 'नमः शिवाय' होईपर्यंत टिंकू तीन वाती ठेवून मोकळा. मग ती नुसतं 'शिव' म्हणू लागली. तरी तो पुढेच. त्याच्या हाताकडे बघत नाव घेतलं की जीभ अडखळे, मन त्या झपाझपीत गरगरे. म्हणून तिनं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर बरं वाटलं. यंत्राचा आवाज एका लयीत येई, टाळांसारखा, आणि नाव आपोआप चाले. शेवटी भाव मोठा, असं म्हणत तिनं मोजणं सोडून दिलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या घाईत राहून गेलेले रुख्मिणीचे एकशेवीस डबे टिंकूनं तसेच भरले. त्या दिवशी मात्र तिनं माळ हातात घेतली होती, मनाला तेवढंच समाधान. संध्याकाळी ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर कपाटातले आणि हे, सगळे हजार डबे सालेकशाला गेले.

पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. सोमवार होता. वच्छला नागऱ्याहून परस्पर कारखान्यात आली होती, पोटात काही नव्हतं. काचेशी उभी राहिली, डोळे मिटले, नाव सुरू झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकदम फिस्सकन कुणाचं तरी हसू फुटलं. मग दुसरीचं. मग सगळ्याच हसायला लागल्या.

तिनं डोळे उघडले. पट्टा रिकामा होता. सरकत होता, पण त्यावर एकही वात नव्हती. टिंकू तिन्ही हात पोटाशी घेऊन वर गप्प बसलेला. पट्ट्याचा आणि पंख्याचा घरघर आवाज तेवढा चालू होता.

"काकी, थांबा आता!" टीना पदर तोंडाला लावून म्हणाली. "साचे खतम होऊन पाव घंटा झाला. तुम्ही कोणाले नाव देऊन राहिल्या, पट्ट्याले?"

"पट्टा वैकुंठाला जाते आता डायरेक," कुणीतरी मागून म्हणालं.

वच्छलाही हसली. हसावं लागतं. पण हसता हसता तिनं पुन्हा पट्ट्याकडे पाहिलं. साच्यांच्या फळीचा आधार घेऊन ती खाली बसली. पाव घंटा आपण नावं घेत होतो आणि वाती नव्हत्या. मग ज्या वेळी वाती होत्या, तेव्हा नाव होतं का?

त्याच दुपारी फोन आला. रुख्मिणीचा.

"वच्छला, डबे पोचले व. दामिनीनं सगळे मोजले. हजार पुरे. देवघरात मावत नाही, तं खाटेवर रचले. रोज हात लावून पायतो. मले वाटे का कर्जाखाली मरतो का काय मी देवाच्या. आता चिंता नाही. तुह्या तोंडून लाख नावं गेली, बाई, मी सुटली." मग आवाज जरा बारीक झाला. "तुले काही देऊ शकत नाही मी. तुह्या लेकराबाळायले सुखी ठेवो."

वच्छलाला "हो मावशी" एवढंच म्हणता आलं.

ती उठून भूमिकाकडे गेली. भूमिका हातातल्या टॅबवर काहीतरी टिपत होती.

"पोरी, त्या दिवशीचं सांगतं का? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं. टिंकूनं सालेकशाचे डबे भरले तेव्हाचं."

"सगळं आहे ना मावशी." पोरीनं बोट फिरवलं. "अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू. बारा हजार वाती. एकशेचार मिनिटं. मधात दोनदा थांबला. सदतीस वाती वाटीतून सुटल्या, त्या पुन्हा उचलल्या. डब्यात गेल्या बरोबर बारा हजार."

"एक बी कमी नाही?"

"कमी राहिली तर तो डबा पुढे सोडतच नाही."

वच्छला मान हलवत राहिली. त्या दिवशी तिच्या वीस माळा झाल्या होत्या. माळेचे एकशेआठ मणी. ते तिनं बोटांवर मांडून पाहिलं, दोन हजार आणि वर काही. आणि बारा हजार.

"वात उचलताना त्याले काय दिसते, व?"

भूमिकाला प्रश्न आवडला. तिनं टॅब पुढे धरला. काळ्या पडद्यावर पांढरे गोल, प्रत्येक गोलाच्या मधोमध एक बारीक फुली. "एवढंच. गोल कुठे आहे अन् शेंडी कोणत्या बाजूला. बाकी त्याला काही माहीत नाही."

"तं त्याचं काही चुकलं नाही."

"कोणाचं, टिंकूचं? काय झालं मावशी?"

"त्यानं जेवढं कबूल केलं तेवढं केलं," वच्छला म्हणाली. "कबूल मी केलं होतं."

भूमिका जराशी गोंधळली. मग तिला वाटलं, मावशीला वेग झेपत नाहीये. "मी हळू करून देते ना! दोन सेकंदाला एक. तुमचं नाव होईल तेव्हाच उचलेल. पायानं दाबायचं बटणसुद्धा लावता येतं."

वच्छलानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी मनापासून सांगत होती. आणि क्षणभर वच्छलाच्याही मनात आलं, की असं केलं तर? पण पुढच्या वाती पुढे. सालेकशाच्या खाटेवर रचलेले एकशेवीस डबे कुणाच्या नावानं लागणार होते?

उमेंद्र ऑफिसात डबे छापणाऱ्याशी फोनवर भांडत होता. ती दारात उभी राहिली. फोन संपल्यावर सगळं सांगितलं, काही न गाळता.

"काकी," तो म्हणाला, "फालतू टेन्शन घेऊन राहिले तुम्ही. त्या म्हातारीला सांगून काय होणार? आज ती खूश आहे. तुम्ही सांगाल अन् तिचं मन मोडन. भाव महत्त्वाचा असते ना? तुम्हीच तर म्हणता."

"माह्या भावाचं मी पाहून घेईन, उमेंद्र. तिनं एकेक वात सांगितली होती. मी एकेक म्हटलं होतं."

"अन् पौर्णिमा आठ दिवसांवर. समजा सांगितलं. मग? नवस अर्धवट राहिला म्हणून ती बसन रडत. हे पुण्य आहे का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारीचा फोनवरचा आवाज आठवला की तिलाही वाटे, कशाला? एक 'हो' तर म्हणून झालंच आहे. दुसरं म्हणायचंही नाही, फक्त गप्प राहायचं. गप्प राहायला तर तिला जन्मभर कधी कष्ट पडले नव्हते.

"बाई असत्या तं काय म्हटलं असतं, मी नाही विचारत," ती अखेर म्हणाली. "पण हो म्हटलं ना मी तिले दुपारी, ते खोटं होतं."

उमेंद्रनं टेबलावरचा नवा डबा उलटा करून ठेवला. त्याला त्या ओळीकडे बघायचं नव्हतं, हे तिला दिसलं. "या ओळीचं पाहतो मी," तो पुटपुटला. "पौर्णिमेचा माल जाऊ द्या. पाहतो." पाहील, नाहीतर नाहीही पाहणार, असं तिच्या मनात आलं.

दिवेलागणीला घरी देवापुढे दिवा लावून झाल्यावर तिनं सालेकशाला फोन लावला. उपास सोडायचं ताट झाकून ठेवलं होतं. नवरा बिसराम अंगणात धानाच्या पोत्यांची तोंडं शिवत होता.

"मावशी, मी वच्छला. दुपारी तुम्हाले खोटं बोलली."

मग तिनं सगळं सांगितलं. यंत्र, माळ, रिकामा पट्टा. बायका हसल्या तेही सांगितलं.

तिकडे खाटेवरचा डबा सरकवल्याचा आवाज आला.

"म्हंजे मशीननं भरल्या."

"शेवटच्या एकशेवीस डब्यातल्या. बाकी माह्या हातच्या हायेत."

"अन् तू तिथंच उभी होती."

"होती."

"डोरे मिटून." रुख्मिणीचा आवाज चिरका झाला. "दहा महिने तुह्यावर भरोसा टाकून बसली मी. लोकं म्हणत, बजारातून घे, कोण पाहते? मी म्हणे, नाही, माही बाई हाये नागऱ्याची, ते नाव घेते. अन् तू बी बजारच निघाली."

फोन कट झाला.

बिसरामनं सुई थांबवून तिच्याकडे पाहिलं. "जेव ना आता."

"जेवतो," ती म्हणाली. ताट तसंच राहिलं.

मंगळवारी ती कारखान्यात साच्यांवर बसली. काचेपाशी गेली नाही. टीनानं विचारलं, "काऊन व काकी, टिंकूशी अबोला का?" पण वच्छलाचा चेहरा बघून टीनासुद्धा गप्प झाली, आणि टीना गप्प झाली म्हणून सगळं गोदामच जरा गप्प झालं. दुपारी दामिनीचा फोन आला.

"मावशी, आई कालपासून जेवली नाही."

वच्छलानं डोळे मिटले.

"रात्रभर बडबडत होती. तुम्हाले लई बोलली. मी म्हटलं, आई, त्यायनं सांगितलं नसतं तं तुले काय कळलं असतं? तं मलेच रागावली." दामिनी थांबली. "आज सकाळी उठली अन् ते एकशेवीस डबे निराळे काढले. तुमच्या हातचे एका बाजूनं, मशीनचे एका बाजूनं. डब्यावरची तारीख पाहून मी सांगत गेली. मंग मले म्हणे, विचार तिले, आता काय करतं म्हणा."

वच्छलाला आपला आवाज ऐकू आला तो नेहमीसारखाच हळू होता.

"दे आईले."

फोन हातातून हातात गेला. कापऱ्या हातात तो कानाला घासत असल्याचा आवाज आला.

"मावशी, मी येतो. तुमच्या घरी. एकेक डबा उघडतो, एकेक वात बाहेर काढतो, नाव घेतो अन् परत ठेवतो. तुमच्या समोर. डोरे उघडे ठेवून."

"बारा हजार?"

"बारा हजार."

"होते का पौर्णिमेपर्यंत?"

"तीन दिवस लागन. चार समजा."

"चार दिवस कामावर नाही जाशीन तं तो मालक काही म्हणन."

"म्हणो."

रुख्मिणी म्हणाली, "तूप नरम होते घरात. गार पाणी ठेवा लागन ना बोटं बुडवाले?"

"आता थंडी हाये. नाही लागत."

"बरं. मी समोर बसीन. एक बी सुटली तं सांगीन. माहे हात कापते, डोरे नाही."

"सांगा."

"अन् जेवण माह्या घरचं. उपास-तापास सांगशीन तं येऊच नको."

"सोमवार सोडून जेवतो मी, मावशी."

"सोमवारपर्यंत ठेवतच नाही तुले," रुख्मिणी म्हणाली आणि फोन दामिनीकडे न देताच ठेवून दिला.

संध्याकाळी उमेंद्रला तिनं सांगितलं, चार दिवस येणार नाही. ऐन हंगामात चार दिवस, त्याच्या कपाळाला आठी पडली. "पगार काटीन बरं का," तो म्हणाला. ती "काट" म्हणाली. मग त्यानं विचारलं, गाडीनं सोडून देऊ का? ती नको म्हणाली.

बुधवारी सकाळी अजून धुकं होतं. घराच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्या आणि त्यांत रचलेले पुंजने, धानाचे ढीग, ओले दिसत होते. वच्छलानं आंघोळ केली, दिवा लावला, मग चहा घेतला. पिशवीत एक लुगडं, चष्मा आणि वाती मांडायला धुवून घडी घातलेलं एक जुनं पांढरं धोतर घेतलं. बिसराम खाटेवर उठून बसला होता.

"कोणती गाडी?"

"सातची. डोंगरगडची लोकल."

"चार दिवस म्हणजे शनिवार."

"होईन तवा येईन," ती म्हणाली.

त्यानं कोपऱ्यातली चप्पल पायानंच तिच्याकडे सरकवली. तिनं ती घातली, दार आपल्यामागं आवाज न करता ओढून घेतलं आणि धुक्यातून स्टेशनच्या रस्त्याला लागली.